भरावावर झाड नको

निकमकाकांनी आयुष्यात कशाला 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या सुनेच्या, प्रीतीच्या पुरणपोळ्यांना, माझ्या नव्या गाडीला, नायगाऱ्याला, सगळ्यांना त्यांचा एकच शेरा असायचा, "बरं आहे." हा त्यांचा पहिला वर्ग. त्याखाली "ठीक". आणि जे साफ नापास, त्याबद्दल ते काही बोलायचेच नाहीत, चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसत बसायचे. नायगाऱ्याला "बरं आहे" म्हणून झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं होतं म्हणे, "पण एवढं पाणी सोडून का देतात?"

शॉमबर्गला आमच्या टाउनहाउसच्या मागे एक तळं आहे. शिकागोच्या आसपासच्या नव्या वसाहतींना असं तळं असतंच. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी लोकांच्या बेसमेंटमध्ये शिरू नये म्हणून ते तिथे गोळा करतात. सखल बाजूला मातीचा लांब भराव, त्यावर चालायची वाट, आणि वाटेवर बदकांची घाण. घर दाखवणाऱ्या बाईनं 'वॉटर व्ह्यू' म्हणून ते आमच्या गळ्यात मारलं होतं. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, दोघंही आयटीतले. त्या वॉटरकडे आम्ही व्ह्यूपलीकडे काही म्हणून बघितलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका गारठलेल्या सकाळी मी कॉफी घेऊन मागच्या दारात उभी होते. भरावावर एक उंच, काटकुळे आजोबा दिसले. डोक्याला माकडटोपी, जाड जॅकेटवर रस्त्यावरचे कामगार घालतात तसं भडक नारिंगी जाकीट. चार पावलं चालायचे, थांबायचे, उजवी टाच उचलून जमिनीवर धप्पकन मारायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि पुढे जायचे. पायात मुंग्या आल्या असतील असं मला वाटलं. माकडटोपीवरून मी भाषा ओळखली आणि जवळ जाऊन विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"नाही. बघतोय."

"काय?"

"भराव. दाबलाय बरा. पण तिकडे कोपऱ्यात घुशीसारखं काहीतरी बीळ करतंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "या तळ्यावर कोण असतं?"

"म्हणजे?"

"चौकीदार."

"चौकीदार नाही काका. एचओए आहे."

"तो कुठे बसतो?"

एचओए म्हणजे माणूस नव्हे, घरमालकांची संघटना, आपल्या सोसायटीसारखी, आणि ती बसत नाही, ईमेल पाठवते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

अशी आमची ओळख. सचिन निकम आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचा, पण त्याची आणि माझी ओळख कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानाच्या 'हाय'पुढे गेली नव्हती. काकांमुळे दोन्ही घरं एक झाली. काकांच्या पत्नी, सुमनकाकू, गेल्यावर सचिननं वडिलांना इकडे आणलं होतं. ग्रीन कार्ड झालं होतं, खोली झाली होती, खोलीत टीव्ही झाला होता. काका टीव्हीखेरीज बाकी सगळं बघायचे.

नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली. नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान नदीवर मातीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा ते नवे इंजिनियर म्हणून तिथे गेले. नंतर बदल्या होत राहिल्या, पण फिरूनफिरून ते त्याच धरणावर यायचे आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या धरणाचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सचिनबद्दल बोलताना ते "सचिन" म्हणायचे, धरणाबद्दल बोलताना "आमचं".

आणि धरणाबद्दल बोलणं निघालं की फिरून एका वाक्यावर यायचं, "भरावावर झाड नको." मी एकदा विचारलं, का बुवा, झाडाची मुळं तर माती धरून ठेवतात. त्यावर त्यांनी मला भर वाढदिवसाच्या पार्टीत केकच्या डिशमध्ये समजावलं. "जिवंत असेतो धरून ठेवतात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. पलीकडून पाण्याचा दाब. आधी थेंब येतो, मग धार, मग गढूळ धार. गढूळ दिसलं की पोरी, सामान बांधायचं. पाण्याला घाई नसते. ते वाट बघतं." बोलताबोलता त्यांनी केकच्या पोटात काट्यानं बोगदा पाडला होता. तो तुकडा मग कुणी खाल्ला नाही.

या झाडापायी त्यांनी एक बदलीही ओढवून घेतली होती. एका वनमहोत्सवात मंत्रिमहोदय धरणावर आले आणि भरावाच्या ऐन मध्यावर, वाजतगाजत, स्वतःच्या हातानं पिंपळाचं रोप लावून गेले. गाड्यांचा धुरळा खाली बसायच्या आत काकांनी ते रोप मातीच्या गड्ड्यासकट उचललं आणि इन्स्पेक्शन बंगल्याच्या अंगणात नेऊन लावलं. बातमी वर पोचली. महिन्याभरात काका गडचिरोलीला. सुमनकाकूंनी संसार पुन्हा खोक्यांत भरला आणि शेजारणींना म्हणाल्या, "नवऱ्यापुढे मी मान वर केली तर चालतं हो, झाडानं करायची नाही." ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे आणि काकूंच्या वाक्यावर दरवेळी नव्यानं हसायचे. तो पिंपळ आता केवढा झालाय आणि त्याच्या सावलीत एसटी थांबते, हेही सांगायचे. झाडांवर त्यांचा राग नव्हता. झाडानं आपली जागा ओळखावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

शॉमबर्गच्या झाडांना हे कुणी सांगितलं नव्हतं. एका मे महिन्यात एचओएनं तळ्याचं सुशोभीकरण काढलं. शनिवारी वसाहतीतली मुलंबाळं जमली, काकांची नात रियाही होती, आणि भरावाच्या उतारावर हौसेनं विलोची आणि कसलीकसली झुडपं लावली गेली. काका त्या दिवशी सर्दीनं पडून होते. सोमवारी सकाळी ते फिरायला गेले. मी कामाच्या मीटिंगमध्ये होते. खिडकीतून दिसत होतं की नारिंगी जाकीट उतारावर वाकलंय, उठतंय, पुन्हा वाकतंय. मला वाटलं, व्यायाम. दुपारपर्यंत उतार पुन्हा स्वच्छ. सगळी रोपं, मुळांना ओला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून, क्लबहाउसच्या सावलीत ओळीनं मांडून ठेवलेली. एकाही रोपाचं पान मोडलेलं नव्हतं.

मग जे व्हायचं ते झालं. सचिनला ऑफिसात फोन गेला. तो फ्रीवेवरून तसाच घरी आला. "बाबा, यू कान्ट डू धिस! इथे लोक पोलिस बोलावतात. मुलांनी लावलेली झाडं आहेत ती!"

"मुलांना सांगायला पाहिजे होतं कुणीतरी," काका शांतपणे म्हणाले.

रिया रडून लाल झाली होती. "आजोबा, दॅट वन वॉज माइन." काकांनी तिला हाताला धरून क्लबहाउसमागे नेलं आणि ओळीतलं तिचं रोप बरोबर काढून दाखवलं. तिनं खोडाला जांभळी रिबीन बांधली होती, ती त्यांनी सोडली नव्हती.

बुधवारी क्लबहाउसमध्ये बैठक बसली. एचओएची अध्यक्ष लिंडा, शाळेतून निवृत्त झालेली, आवाज शाळेतलाच. काकांचं म्हणणं इंग्रजीत सांगायला मी. त्यांनी पिझ्झाच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर भरावाचा छेद काढला, पाणी काढलं, मूळ काढलं, नळी काढली, आणि भरावाखालच्या बाजूला चार घरं काढली. त्यातलं एक घर लिंडाचं होतं. लिंडानं ते झाकण स्वतःकडे ओढून घेतलं. अखेर ठरलं की झाडं पलीकडच्या काठाला लावायची, जिथे भराव नाही, मूळची जमीन आहे. आणि मिस्टर निकमनी इथून पुढे विचारल्याशिवाय गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही. बिळं दिसली तर मात्र कळवायची. काकांनी हात जोडून दोन्ही मान्य केलं. रियाचं विलो पलीकडच्या बाकाशेजारी लागलं. बाहेर पडताना मी विचारलं, "लिंडा कशी वाटली काका?"

"बरी आहे," ते म्हणाले.

माझे दिवस त्यांच्यामुळे बरे जात होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहाटे भारतातल्या टीमशी डोकेफोड करून मी भरावावर यायची, काका टाच मारत असायचे, आम्ही एक फेरी मारायचो. ते माझ्या कामाबद्दल विचारायचे. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. "म्हणजे तूही पाझरच बघतेस की."

आणि एका हिवाळ्यात ते फिरायला यायचे बंद झाले. थंडी असेल, गुडघे असतील, असं समजून मी आठवडाभर गप्प बसले. मग प्रीतीचाच फोन आला, "ताई, जरा येऊन जाल का? बाबा नीट जेवत नाहीयेत."

काका खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या भाच्यानं, तालुक्याला राहणाऱ्या सुनीलनं, 'मामा, तुमचं धरण' म्हणून कौतुकानं फोटो पाठवला होता. फोटोत मला नुसती टेकडी दिसली, हिरवीगार, बाभळी दाट माजलेल्या.

"धरण कुठाय?" मी विचारलं.

"हेच," काका म्हणाले. "चौकीदाराची जागा भरली नाही म्हणे. कुणी फिरकत नाही. खाली वस्ती आहे, शाळा आहे." आणि मग चष्मा न पुसता, न काढता, नुसतं म्हणाले, "गेलं."

बाभळी तोडता येतील, खात्याला कळवा, असलं काहीतरी मी बोलले. खात्याला त्यांनी कळवलं होतं. सुनीललाही सांगितलं होतं, त्यानं 'हो मामा' म्हटलं होतं. एवढ्या लांबून दुसरं काय होणार होतं? मी त्या दिवशी घरी आले ती वाईट वाटूनच.

त्यातून त्यांना उठवलं ते रियाच्या शाळेनं. तिला जपानवर प्रोजेक्ट होता. तिनं टॅबलेटवर आकाशातून घेतलेला एक फोटो आजोबांना दाखवला: भरवस्तीत कुलपाच्या भोकासारखा एक प्रचंड आकार, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला पसरट. भोवती पाण्याचे खंदक, एकाबाहेर एक. "इट्स अ टूम, आजोबा. अ किंग. एम्परर."

"थडगं? मातीचं?"

"येस. ऑल डर्ट. लोकांनी बास्केट्समधून आणलं."

"किती जुनं?"

"लाइक, सिक्स्टीन हंड्रेड इयर्स."

काकांनी टॅबलेट हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. भरावाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत घनदाट झाडी. खाली पाणी. "शक्य नाही," ते म्हणाले. रिया म्हणाली, गूगल करा. काकांनी गूगल केलं. मग ते जेवले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे राहिले, नारिंगी जाकीट घालून.

"तुझं ते ओसाकाचं काम कधी असतं?"

आमच्या कंपनीचा एक क्लायंट ओसाकाला होता आणि मला वर्षातून एकदा तिकडे जावं लागायचं, हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं. ते थडगं ओसाकाच्या शेजारच्या साकाई गावात, ट्रेननं तासाभराच्या आत. सचिननं आधी साफ नकार दिला. गुडघे, इन्शुरन्स, व्हिसा, वैशालीला, म्हणजे मला, कामात त्रास. "बाबा, व्हॉट इज देअर टू सी? टेकडी आहे. इथे गूगल अर्थवर बघा, वरून तर दिसतं! तिथे जाऊन शेपसुद्धा दिसत नाही."

"वरून बघून भराव कळत नाही," काका म्हणाले.

त्यांना काय बघायचं होतं हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. झाडं वाढूनही भराव उभा राहतो का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. उभा असेल, तर त्यांचं धरणही कदाचित उभं राहील. सचिन दोन दिवस घुम्यासारखा वावरला आणि मग त्यानंच व्हिसाचं बघितलं.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही साकाईला उतरलो. स्टेशनाबाहेर साधी घरं, घरांपुढे कुंड्या, सायकली. गल्ली संपली आणि समोर पाणी आलं, हिरवं, शांत, काठावर एक बगळा. पाण्यापलीकडे झाडांची भिंत. सचिनचं खरं होतं. आकार वगैरे काही नाही. हजारो मैल येऊन बघायचं ते एक रान.

पुढच्या बाजूला पांढऱ्या खडीचं अंगण, दगडी कठडा, आणि कठड्याच्या आत दगडी कमान, आपल्या देवळापुढच्या तोरणासारखी. आत कुणालाच सोडत नाहीत. राजघराण्याची जागा. आत नेमका कोणता राजा निजलाय याबद्दलही अभ्यासकांत वाद आहेत, हे मी फलकावरून वाचून काकांना सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. ते कठड्याला ओठंगून पायथा शोधत होते.

"जवळ जाता येत नाही?"

"नाही काका."

"पाणी ओलांडून?"

"कुणालाच नाही."

त्यांनी उजवी टाच उचलली, अंगणातल्या खडीवर मारली, आणि माझ्याकडे बघितलं. जगभर जिथे म्हणून माती रचलेली दिसली, तिथे या माणसानं टाच मारली होती, आणि हाच एक भराव त्यांच्या पायाला लागत नव्हता.

तेवढ्यात एक जपानी आजोबा आमच्याकडे आले. काकांच्याच वयाचे, ठेंगणे, डोक्याला टोपी आणि अंगात, देवाशप्पथ, भडक जाकीट. काकांचं नारिंगी, त्यांचं पिवळं. दोघांनी एकमेकांच्या जाकिटांकडे बघितलं. आजोबांनी वाकून नमस्कार केला, काकांनी हात जोडले. ते तिथले स्वयंसेवक होते. माझं जपानी "धन्यवाद" आणि "फाइल पाठवते" याच्यापलीकडे जात नाही. तेव्हा फोनवरच्या भाषांतरावर काम सुरू झालं. पण थोड्या वेळात फोनची गरज उरली नाही. आजोबांनी पिशवीतून थडग्याचा छेद काढलेलं चित्र काढलं आणि काकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू आलं.

"बर्म!" काका बोट ठेवून म्हणाले. उतारावर तशा तीन सपाट पायऱ्या होत्या. "आणि हे काय? दगड?" मूळचा उतार गोट्यांनी मढवलेला होता, आजोबांनी सांगितलं. "पिचिंग! वैशाली, अगं, पिचिंग केलंय यांनी! आमच्यासारखंच." मग काकांनी मुख्य प्रश्न विचारला. मी तो फोनमध्ये सावकाश बोलले: ही झाडं कुणी लावली?

आजोबा हसले आणि हाताचे पंख करून दाखवले. पाखरांनी. आधी सगळा उघडा, दगडी, झगझगीत भराव होता. मग लोक बघेनासे झाले, आणि पाखरं आली.

"मग टिकला कसा?"

आजोबांनी आम्हाला कठड्याच्या कडेला नेलं आणि पलीकडे, पाण्याच्या रेषेपाशी बोट दाखवलं. तिथे पायथ्याची माती खचून गेली होती. वाऱ्यानं लाटा येतात, त्या थोडंथोडं खातात, ते म्हणाले. म्हणून मोजमाप करतात, दुरुस्तीचा विचार करतात. फोनमधल्या बाईनं हे कोरड्या आवाजात सांगितलं आणि काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"म्हणजे यालाही लागलंय," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतंच. कितीतरी दिवसांनी इतका हलका आवाज मी ऐकत होते. "हे बघ, इथे झाड चालतं. भोवती चहूकडून पाणी सारखं, दाब एका बाजूचा नाही. आमच्याला नाही चालणार. झाडं माजूनही आमचं टिकेल असं म्हणायला मी आलो होतो. तसं नाही म्हणता येणार." मग आजोबांकडे हात करून म्हणाले, "याला विचार, हा इथे काय काम करतो?"

मी विचारलं. आजोबा निवृत्त आहेत, आठवड्यातून काही दिवस येतात, आत जाता येत नाही हे लोकांना सांगतात, आणि बाकी वेळ नुसतं बघतात. पगार नाही.

"चौकीदार," काका म्हणाले. "सोळाशे वर्षांनी सुद्धा जागा भरलेली आहे." आणि थडग्याकडे तोंड करून, पहिल्यांदाच मनापासून, "बरं आहे."

त्यानंतर त्यांनी प्रदक्षिणा काढली. मी नको म्हणत होते, वाट लांबलचक आहे, गुडघे आहेत. "गाभाऱ्यात सोडत नाहीत तर प्रदक्षिणा नको?" ते म्हणाले आणि थडगं उजव्या हाताला ठेवून निघाले. वाट कधी खंदकाच्या कडेनं, कधी लोकांच्या घरांमागून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूनं जात होती. दर बाकावर आम्ही बसलो. एका यंत्रातून गरम चहाचे डबे काढून प्यायलो. मध्येच ते एका झडपेपाशी वाकून पाणी कुठून कुठे जातं ते बघत बसले. पुन्हा कमानीशी आलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि पिवळं जाकीट आमची वाट बघत उभं होतं. दोघांनी पुन्हा तेच केलं, एकानं कंबरेत वाकून, एकानं हात जोडून.

परतीच्या ट्रेनमध्ये काका खिडकीशी बसून डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. "आता मी शॉमबर्गला काय करतोय?" ते डोळे न उघडता म्हणाले. त्यांनी ते मला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर त्यांनी सचिनला सांगितलं, आपण धरणावर परत जाणार. मी तेव्हा त्यांच्या घरी जपानी मिठाईचा डबा द्यायला गेले होते आणि निघता येईना अशी अडकले.

"तिथे तुमचं आहे कोण, बाबा?" सचिननं विचारलं.

"धरण आहे."

"आणि आम्ही?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही नीट बांधलेले आहात रे," ते म्हणाले. "तुमच्यावर मला बसून राहावं लागत नाही."

सचिन उठून बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बराच वेळ पाणी वाहत होतं आणि काका ते वाया जाणारं पाणी बघत असूनही काही बोलले नाहीत. शेवटी नळ बंद करून सचिन तिथूनच म्हणाला, "फाइन. पण गुडघ्याचं ऑपरेशन आधी. इथेच. आणि वर्षाच्या आत आला नाहीत तर ग्रीन कार्ड जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. एक खुर्ची कमी लागेल."

"खुर्ची कुठे जात नाही," सचिन म्हणाला.

उन्हाळाभर काकांनी नवा गुडघा घेऊन भरावावर फेऱ्या मारल्या. फिजिओथेरपिस्ट म्हणायची पाय वाकवा, काका टाच मारायचे. सुनीलला फोन जायचे, रोजच्या रोज, आणि पलीकडून 'हो मामा' ऐवजी हळूहळू प्रश्न यायला लागले: किती माणसं लागतील, कुऱ्हाड का करवत, मुळं काढायची का ठेवायची. काकांचा आवाज मोठा व्हायचा. "नुसतं तोडू नका! मूळ काढा आणि खड्डा दाबून भरा. थांबा, मी आलोच."

ऑक्टोबरमध्ये ते भारतात परतले. निघायच्या सकाळी आम्ही शेवटची फेरी मारली. पलीकडच्या काठावर रियाचं विलो तिच्याहून उंच झालं होतं, पिवळं पडलं होतं. काका त्याच्यापाशी थांबले, खोडावर हात फिरवला. जांभळ्या रिबिनीचा एक धागा अजून सालीत अडकलेला होता. "याला राहू दे," ते म्हणाले, जसं काही मीच ते काढायला निघाले होते. मग भरावावर येऊन त्यांनी नव्या गुडघ्याची टाच मारली, ऐकलं, आणि अंगातलं नारिंगी जाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"कोपऱ्यातल्या बिळाकडे बघत जा. गढूळ दिसलं तर लिंडाला सांग."

"आणि तिथे तुम्ही काय घालणार?"

"तिथे मला ओळखतात," ते म्हणाले.

मी रडले. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घड्याळात बघितलं, कारण सचिन गाडीचा हॉर्न वाजवत होता.

वर्ष उलटून गेलं. ग्रीन कार्ड गेलं. सचिनच्या डायनिंग टेबलाशी खुर्ची तशीच आहे. दिवाळीत तो, प्रीती आणि रिया जाऊन आले. मी सकाळी कॉफी घेऊन भरावावर जाते, ते जाकीट मला ढगळ होतं, शेजारपाजारचे आता मला तळ्याबद्दल विचारतात. बिळं दिसली की मी लिंडाला कळवते.

परवा सुनीलनं फोटो पाठवला. भरावाची लांबच लांब कड. अर्ध्यापर्यंत उघडी, तांबूस, ताज्या मातीचे डाग पडलेली, आणि त्यापुढे अजून बाभळींचं रान. दोन्हींच्या मधोमध काका उभे आहेत, पाठमोरे, डोक्याला ऊन लागू नये म्हणून टॉवेल गुंडाळलेला. उजवी टाच वर उचललेली आहे.

मी त्यांना लिहिलं, "काका, कसं आहे?"

शॉमबर्गला रात्र झाली, तिकडे सकाळ झाली, तेव्हा उत्तर आलं.

"बघतोय."